आवाज क्रमांक दोन

मुलांनो, एक कल्पना करा. डोळे मिटायची गरज नाही, उघडेच ठेवा. तुम्ही एका मोटारीत मागच्या सीटवर बसला आहात. ही मोटार आजपासून बारा-पंधरा वर्षांनंतरची, विजेवर चालणारी. पेट्रोलचा वास नाही, इंजिनाची धडधड नाही. काचा बंद आहेत. बाहेर तासगावचा रस्ता मागे पळतो आहे. द्राक्षबागा, बेदाण्याच्या शेड, उसानं भरलेला ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवर गाणं लावलंय हे त्या ड्रायव्हरच्या हलणाऱ्या मानेवरून कळतं, पण ऐकू काहीच येत नाही. आणि मग त्या शांततेत, तुमच्या पाठीमागून, उजव्या बाजूनं, खडबडीत दगडावर दगड घासावा तसा आवाज यायला लागतो.

ऐकलात? मग आता तुम्ही निरूच्या जागी बसला आहात.

निरूचं पूर्ण नाव नीरजा. वय अकरा. गाडी तिची आई प्राजक्ता चालवत होती. ती दूध संघाच्या प्रयोगशाळेत दुधाची तपासणी करायची. बाबा नोकरीसाठी जामनगरला होते, महिन्यातून एकदा यायचे. आणि निरूच्या शेजारी, डाव्या खिडकीला टेकून बसलेले असायचे आज्जा, म्हणजे आईचे वडील मल्लाप्पा. आई त्यांना आप्पा म्हणायची.

आज्जांनी चाळीस वर्षं तासगावात पिठाची गिरणी चालवली होती. गिरणीच्या आवाजावरून त्यांना सगळं कळायचं. दगडाखाली दाणा आहे की दगड रिकामा फिरतोय, ज्वारी ओली आहे का, झिजलेल्या दगडाला टाकी लावून पुन्हा खाचा पाडायची वेळ आली का, हे ते पाठमोरे उभे राहून सांगायचे. पण चाळीस वर्षांचं पीठ त्यांच्या छातीतही गेलं होतं. चार पावलं चालले की श्वास शिट्टीसारखा वाजायचा आणि शेवटी भरलेलं पोतं फरशीवरून ओढल्यासारखा घासत बाहेर यायचा. मिरजेच्या डॉक्टरांकडे महिन्याला फेरी असे. डॉक्टर छातीला नळी लावायचे तेव्हा आज्जा त्यांना म्हणायचे, आत अजून दोन पायली पीठ आहे, चाळून घ्या आणि भाकरी करा.

गाडीचा तो आवाज दसऱ्यानंतर महिनाभरात सुरू झाला. आज्जांनी पहिल्याच दिवशी आईला सांगून टाकलं, "पराजू, मागच्या उजव्या चाकात काहीतरी मरतंय बघ."

आईनं गाडीला विचारलं. त्या गाड्या स्वतःची तपासणी स्वतःच करत. पडद्यावर हिरवी खूण आली, सर्व ठीक. कंपनीच्या केंद्रावर तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळत होती, आईला रजा नव्हती. आणि गाडीत एक सोय होती, तिचं नाव शांतक.

हा शांतक काय करायचा ते नीट समजून घ्या, कारण पुढे ते लागणार आहे. आवाज म्हणजे काय? हवेला बसणारे छोटे छोटे धक्के. हवा एकदा दाबली जाते, मग सैल होते, पुन्हा दाबली जाते. हे धक्के कानाच्या पडद्यावर पोचले की आपण म्हणतो, आवाज आला. आता समजा, एक आवाज हवा दाबतोय, नेमक्या त्याच क्षणी दुसरा आवाज ती तितकीच सैल करतोय. मग हवा जागची हलणारच नाही. दोन मुलांनी एक दार दोन बाजूंनी सारख्याच जोरानं ढकललं, तर दार कुठे हलतं? शांतकाचे छोटे कर्णे प्रत्येक सीटच्या उशीत, कानांजवळ बसवलेले होते. बाहेरचा आवाज दाबायला आला की ते सैल करत. दोन आवाज भेटत आणि कानाशी काही उरत नसे.

जुन्या यंत्रांना ठरावीक आवाज तेवढे पुसता येत. शांतक मात्र शिकायचा. मागच्या सीटच्या हातावर एक बटण होतं, त्याच्यावर लिहिलं होतं 'नको'. नकोसा आवाज चालू असताना ते दाबून धरायचं. त्या वेळी गाडीत जे जे वाजत असेल ते शांतक ऐकायचा, त्यातली माणसांची बोली बाजूला ठेवायचा, आणि उरलेलं पुन्हा कधी आलं की पुसायचा. शब्द मात्र तो कधी पुसत नसे. बनवणाऱ्यांनी तेवढी काळजी घेतली होती. त्यांना वाटलं, माणसाचं जे काही महत्त्वाचं असतं ते शब्दांतच असतं.

मिरजेहून परत येताना, एका डाव्या वळणावर, घासण्याचा आवाज इतका वाढला की आईचा जीव कातावला. ती म्हणाली, निरू, दाब गं ते बटण. निरूनं दाबलं. वीस आकडे म्हणेपर्यंत दाबून धरायचं होतं. शेजारी आज्जा दवाखान्याचा जिना उतरून आल्यामुळे धापा टाकत होते. तेवढ्यातही ते हसले.

"चाकाला गप्प करतीस होय? त्याला काय झालंय ते तर विचार की."

विसावा आकडा झाला आणि आवाज थांबला. दिवा विझवावा तसा.

त्यानंतर घरात एक आनंदाची गोष्ट झाली. आज्जांची छाती गाडीत बसलं की मोकळी व्हायची. घरी, अंगणात, दवाखान्यात श्वास वाजायचा, पण गाडीचं दार लागलं की वाजणं बंद. पहिल्यांदा हे निरूच्या लक्षात आलं आणि तिनं आईला सांगितलं. आई म्हणाली, गाडीतली हवा गाळून येते ना, ती मानवत असेल. मग रविवारी आई त्यांना मुद्दाम फिरवून आणायला लागली. आज्जा म्हणायचे, मला काही फरक वाटत नाही बाबा, पण तुम्ही म्हणता तर असेल. त्यांच्या उशीतही तेच कर्णे होते, आपला श्वास त्यांना तरी कुठून ऐकू येणार?

पौषातल्या एका मंगळवारी सकाळी आज्जांना जरा जास्त दम लागला. निरू शाळेत गेली होती. आईनं त्यांना गाडीत बसवलं आणि मिरजेला निघाली. वाटेत तिनं दोनदा विचारलं, आप्पा, बरं वाटतंय ना? दोन्ही वेळा आरशात त्यांचा हात वर झालेला दिसला. गाडीत शांत होतं. तिसऱ्यांदा तिनं आरशात पाहिलं तेव्हा त्यांची मान खिडकीला टेकली होती आणि डोळे मिटले होते. झोप लागली म्हणून तिनं हवेचा झोत थोडा कमी केला आणि गाडी आणखी सावकाश चालवली, खड्ड्यात धक्का बसू नये म्हणून.

दवाखान्याच्या दारात ती त्यांना उठवायला गेली तेव्हा ते उठले नाहीत.

डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, वाटेत धाप वाढली नाही का, श्वासाचा आवाज मोठा झाला नाही का. आई म्हणाली, नाही हो, एक आवाज नाही. डॉक्टर तिच्याकडे क्षणभर बघत राहिले आणि मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मातीला जमलेले सगळे म्हणाले, भाग्याचा माणूस, कसलाही त्रास न होता झोपेत गेला. आईनं ते वाक्य धरून ठेवलं. जामनगरला, सोलापूरच्या मावशीला, संघातल्या बायकांना, जो विचारेल त्याला ती तेच सांगायची. झोपेत गेले, आवाजसुद्धा झाला नाही. ते सांगितलं की तिचा आवाज कापायचा थांबायचा. निरूनं हे बघून ठेवलं होतं.

गाडी मात्र आजारीच होती. शेजारचे पाटील एक दिवस आईला म्हणाले, ताई, तुमची गाडी चौकात असते तेव्हा आमची कुत्री उठून बसतात. आईला पटेना, आम्हाला तर काहीच ऐकू येत नाही. पाटील म्हणाले, आत बसून कसं येईल? म्हणून एका शनिवारी आईनं गाडी मिरजेला मेहबूब शिकलगार यांच्या गॅरेजवर आणली. तिला दवाखान्यातून आज्जांचे राहिलेले कागद घ्यायचे होते. दोन तासांत येते, चाचांना त्रास देऊ नकोस, असं सांगून ती निरूला तिथे ठेवून गेली.

मेहबूबचाचांच्या घरी पूर्वी तंबोरे बनत. चाचा मोटारींकडे वळले, पण कान घरचाच राहिला. मुलांनी प्रश्न विचारलेले त्यांना आवडत. त्यांनी निरूला शेजारच्या सीटवर बसवलं, गाडी रस्त्यावर काढली आणि पहिल्यांदा शांतक बंद केला.

निरू दचकली. गाडीत गिरणी सुरू झाल्यासारखं वाजत होतं.

"हा आवाज गेला नव्हता?" तिनं विचारलं.

"जाईल कुठं? तुम्हाला ऐकू येत नव्हता एवढंच."

मग त्यांनी शोध कसा घ्यायचा ते तिला दाखवलं. मोकळ्या रस्त्यावर वेग वाढवला, आवाज वाढला. मग मोटर सोडून दिली, गाडी नुसती आधीच्या वेगानं पुढे जात राहिली, तरी आवाज तसाच. म्हणजे मोटरमध्ये दोष नाही. हलकेच ब्रेक दाबला, आवाज बदलला नाही. म्हणजे ब्रेकही नाही. मग त्यांनी गाडी डावीकडे वळवली. आवाज खवळला. उजवीकडे वळवली, तो दबला. बस डावीकडे वळली की आपण कुठल्या बाजूला कलंडतो, असं त्यांनी विचारलं. उजव्या, निरू म्हणाली. गाडीचं वजनही तसंच उजवीकडे जातं. उजव्या चाकावर भार आला की ते ओरडतं, म्हणजे दुखणं उजव्या चाकात आहे.

"आज्जा पहिल्याच दिवशी हेच म्हणाले होते," निरू म्हणाली.

गॅरेजात परतल्यावर चाचांनी गाडी जॅकवर उचलून चाक हातानं फिरवलं आणि निरूचा तळहात वरच्या स्प्रिंगवर ठेवायला लावला. तिच्या हाताला बारीक खरखर लागली, वाळूच्या कागदासारखी. मग चाक काढलं, ब्रेकची तबकडी काढली, चार मोठे बोल्ट सोडवले आणि आतलं बेअरिंग बाहेर आलं. सायकलच्या चाकात छर्रे असतात तसेच यातही होते, फक्त मोठे. ते गुळगुळीत असायला हवेत, पण त्यांना देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. आत वंगण औषधालाही उरलं नव्हतं. आणि कडेला निळसर हिरवी पूड जमली होती.

चाचांनी पूड बोटावर घेतली आणि बराच वेळ बघितली. मग विचारलं, गाडी कशानं धुता?

निरूला दसरा आठवला. पाटलांच्या द्राक्षबागेचा फवारणीचा पंप आज्जांनी मागून आणला होता. पाण्याची धार अशी जोरात सुटायची की चिखल उडून जायचा. आज्जांनी चाकांच्या आत, कानाकोपऱ्यांत धार मारली होती आणि मध्येच निरूच्या पायांवरही मारली होती, दोघं भिजून हसत सुटले होते. पंपाच्या टाकीत बागेवर मारलेल्या औषधाचा गाळ राहिला होता, मोरचूद आणि चुन्याचा. जोराची धार रबराच्या सीलमधून आत गेली, वंगण निघून गेलं आणि मोरचुदानं पोलाद खाल्लं. गिरणीच्या दगडाजवळ कुणी ओला हात नेला तरी खेकसणाऱ्या माणसानं गाडीचं बेअरिंग स्वतःच्या हातानं धुऊन टाकलं होतं, सणाच्या दिवशी, लाडानं.

नवीन बेअरिंग बसलं. चाचांनी एकेक बोल्ट मापाच्या पान्यानं, पाना टक करेपर्यंत आवळला, चाक चढवलं आणि पुन्हा चक्कर मारली. फक्त टायर रस्त्यावरून सरकत असल्याचा आवाज येत होता, पावसाची सर लांबून यावी तसा. चाचा म्हणाले, आता एकच काम राहिलं. शांतक जे शिकलाय ते पुसायचं, नाहीतर उद्या खरंच काही बिघडलं तरी तो ते लपवत राहील.

पडद्यावर शिकलेल्या आवाजांची यादी आली. निरूला वाटलं होतं एकच असेल. दोन होते.

आवाज क्रमांक एक. मागचं उजवं चाक. वेगाबरोबर वाढतो.

आवाज क्रमांक दोन. मागची डावी सीट. वेगाशी संबंध नाही. नियमित.

सीट कशी वाजेल, असं पुटपुटत चाचांनी त्याचा नमुना लावला.

दुसऱ्याच श्वासाला निरूनं ओळखलं. ती शिट्टी, आणि शेवटी फरशीवरून ओढलेलं पोतं. चाचांचा हात बंद करायला पुढे गेला, पण तोवर पडद्यावर खालची ओळ आली होती आणि निरूला वाचता येत होतं. शेवटचा वापर, मंगळवार, दहा वाजून बारा मिनिटांपासून दहा एक्केचाळीसपर्यंत. आवाज सतत वाढता. पूर्ण पुसला. दहा एक्केचाळीसला आवाज थांबला.

एकोणतीस मिनिटं. आई पुढे बसली होती. हात लांबवला असता तर लागला असता.

निरू रडली नाही. तिनं विचारलं, बटण दाबताना शेजारी जो आवाज असेल तोही शिकतो का? चाचांनी नमुना बंद केला. त्यांना काय उत्तर द्यायचं ते माहीत होतं आणि द्यायचं नव्हतं. मग ती म्हणाली, "मी दाबलं होतं. वीस म्हणेपर्यंत."

चाचा तिच्यासमोर उकिडवे बसले. ते म्हणाले, बटण बनवणाऱ्यानं कधी दम लागलेल्या माणसाशेजारी बसून बघितलं नाही, त्याची चूक तू आपल्या गळ्यात घेऊ नकोस. आज्जांना वेळेत पोचवलं असतं तर काय झालं असतं हेही कुणाला ठाऊक नाही. मग ते हळू म्हणाले, "हे पुसून टाकू या, बेटा. एक बोट लागेल. तुझी आई 'ते झोपेत गेले' असं म्हणत जगतीय. तिचं तेवढंच आहे."

निरूलाही तेच हवं होतं, आपल्यासाठीही. पुसलं की ते वीस आकडे कुणालाच कळणार नव्हते. तिनं बोट पडद्याजवळ नेलं सुद्धा. मग ते तसंच धरून तिनं विचारलं, "असं बटण आणखी किती गाड्यांत आहे?"

चाचांना खोटं बोलता आलं नाही. हजारो, ते म्हणाले. दवाखान्यात जाणाऱ्याही असतील त्यात. आणि हा नमुना कंपनीला पाठवता येतो का, तिनं विचारलं. येतो. त्यांना तो ऐकावाच लागेल, मग कदाचित ते बदलतील. पण पाठवायला गाडीच्या मालकाचा अंगठा लागतो. पुसायला कुणाचाच लागत नाही.

गाडीची मालक आई होती.

क्रमांक दोनच्या पुढे एक रिकामी जागा होती, आवाजाला नाव द्यायची. निरूनं सावकाश एकेक अक्षर लिहिलं, आज्जांचा श्वास. मग ती हात पुसून बाहेर फाटकाशी जाऊन उभी राहिली.

आई आली तेव्हा तिच्या हातात कागदांची पिशवी होती. तिनं लांबूनच विचारलं, झाली का गं गाडी? निरूनं मान हलवली. मग तिनं आईच्या हातातली पिशवी घेतली, खाली ठेवली आणि तिचे दोन्ही हात धरून सगळं सांगितलं. आधी बटणाचं, मग यादीचं, मग त्या एकोणतीस मिनिटांचं, शेवटी त्या हजारो गाड्यांचं आणि लागणाऱ्या अंगठ्याचं. मधे कुठे थांबली नाही, कारण थांबलं तर पुढचं सांगता येणार नाही हे तिला माहीत होतं.

आई फाटकाच्या खांबाला टेकली. चाचा आत हत्यारं पुसत राहिले. मग आई म्हणाली, "मी म्हटलं होतं तुला, दाब. मी म्हटलं होतं." मग अगदी हळू, "मला ऐकव."

"आई, नको."

"त्या दिवशी ऐकायचं राहिलं, निरू."

आई जाऊन गाडीत पुढे बसली, त्या दिवशी बसली होती तिथेच. दोन्ही हात तिनं चक्रावर ठेवले. निरू मागचं दार उघडून आत शिरली, डाव्या बाजूला, आज्जांच्या जागेवर. दार लावलं. हात पुढे करून आईच्या खांद्यावर ठेवला. आणि दुसरा हात पडद्याकडे नेऊन, 'नको' दाबलं होतं त्याच बोटानं, तिनं आवाज सुरू केला.